धुराचा हिशेब

चुलीतला धूर येतो कोठून, असे मी वर्गात विचारले की मुलांचे उत्तर ठरलेले असते : लाकडातून. हे उत्तर खोटे नाही, पण त्यात खरे फार थोडे आहे. उष्ण झोत वर चढताना चहूबाजूंची थंड हवा आपल्यात ओढून घेतो अन् फुगत जातो. आपण ज्याला धूर म्हणतो, त्यात बहुतांश ही ओढलेली हवाच असते.

ह्या ओढीचे गणित १९५६ साली केंब्रिजचे सर जेफ्री टेलर आणि त्यांचे तरुण सहकारी मॉर्टन व टर्नर यांनी मांडले. झोतातील भोवऱ्यांचा माग काढीत बसण्याऐवजी त्यांनी एक साधे गृहीत धरले. कोणत्याही उंचीवर हवा ज्या वेगाने आत शिरते, तो वेग झोताच्या ऊर्ध्व वेगाच्या प्रमाणात असतो. साधारणतः त्याचा एकदशांश. एवढ्यावर सारी इमारत उभी राहिली!

परंतु गणिताची निकड भासली ती कारखान्यांतून. १२ ऑगस्ट १९५३ रोजी अमेरिकेतील लिव्होनिया येथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात धातू कापण्याच्या ज्योतीची ठिणगी ज्वालाग्राही द्रवात पडली. सुमारे ३४ एकरांचे ते एकसंध छत. मध्ये अग्निरोधक भिंत नाही, वर धूर जाण्यास पुरेशा वाटा नाहीत. कोंडलेली उष्णता छताखाली पसरत गेली आणि कारखाना भस्मसात झाला, माणसेही दगावली. १९५७ मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जॅग्वार कारखान्यालाही मोठी आग लागली.

मग छताला झरोके ठेवावयाचे तर किती मोठे? लंडनजवळील बोरहॅमवुडच्या अग्निसंशोधन केंद्रात फिलिप टॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान प्रतिकृतींत आगी पेटवून ह्याचा शोध घेतला. १९६३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की धुराचे वजन आगीच्या परिघावर अन् जमिनीपासून धुराच्या थरापर्यंतच्या उंचीवर अवलंबून असते. तीन मीटर लांबरुंद आग घ्या. थर अडीच मीटरांवर असेल तर दर सेकंदास सुमारे नऊ किलो धूर त्यात भरतो. पाच मीटरांवर असेल तर पंचवीस किलो. तेवढ्या वेळात जळणारे लाकूड मात्र सामान्यतः अर्धा किलोही नसते.

यातून एक विलक्षण गोष्ट निघते. थर उंच असतो तेव्हाच धूर सर्वाधिक वाढतो. म्हणजे आग तेवढीच राहिली तर थर प्रारंभी झपाट्याने खाली येतो, पुढे त्याची गती मंदावते. दाराकडे जाण्याची वाट मोकळी असते ती ह्या पहिल्या थोड्या मिनिटांतच. झरोक्यांचेही तसेच : खालून ताजी हवा आत येण्यास वाट नसेल, तर छताला कितीही भोके पाडा, धूर बाहेर पडत नाही. गृहिणीला हे टॉमससाहेबांच्या आधीपासून ठाऊक होते. स्वयंपाकघर धुराने भरले की धुराड्याकडे पाहत न बसता ती आधी दार उघडते.