उपाशी कोणाला म्हणायचे? : दांडेकर-सुखात्मे वाद

परंडा म्हटले की किल्ला आठवतो. १६३१ मध्ये मुघल सरदार आझम खानाने त्याला वेढा घातला. पण दख्खनेत भीषण दुष्काळ होता, जनावरांना वैरण मिळेना आणि वेढा उठवावा लागला. किल्ला दुष्काळानेच राखला म्हणायचा! पुढे १९७२ च्या दुष्काळात त्याच उस्मानाबाद जिल्ह्यातील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती.

त्या सुमारास पुण्यात एक वाद आकार घेत होता. उपाशी नेमके कोण?

वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी रोज २,२५० कॅलरी हा आधार धरून दारिद्र्य मोजले. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात त्यासाठी महिना १५ रुपये लागत. सुमारे ४० टक्के ग्रामीण जनतेला तेवढेही परवडत नव्हते.

सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांना ही रेषा मान्य नव्हती. गरज माणसागणिक बदलते, एकाच माणसाची दिवसागणिकही बदलते. म्हणून सरासरी गरजेतून दोन प्रमाण विचलने वजा करावीत आणि त्याखालच्यांनाच कुपोषित मानावे, असे ते म्हणत.

खरा प्रश्न असा, की 'आहार वजा गरज' धन येण्याची संभाव्यता किती? दोन्ही राशी गाउसच्या घंटाकृती वक्राप्रमाणे एकत्रितपणे वितरित असतील, तर त्यांची वजाबाकीही तशीच असते. सरासऱ्या वजा होतात. राशी परस्परस्वतंत्र असतील तर विचलनांचे वर्ग मात्र मिळवले जातात.

समजा, सरासरी आहार २,७५० आणि विचलन ४००. सरासरी गरज २,२५० आणि विचलन ३००. फरकाची सरासरी ५००, विचलनही ५००. शंभरातील ८४ जणांना पुरेसे मिळते, १६ अर्धपोटी राहतात. याच लोकसंख्येला २,२५० ची सरळ रेषा लावली तर ११ जण सापडतात. सुखात्म्यांच्या रीतीने रेषा १,६५० वर येते आणि शंभरात एकही धड भरत नाही! जास्त गरजेचा माणूस १,७०० वर कुढत राहिला तरी तो मोजणीतून सुटतो. कमी रेषेवरचा हा आक्षेप साधा नाही.

कळीचा मुद्दा मात्र सहसंबंधाचा आहे. जास्त गरज असणारा जास्त खात असेल आणि सहसंबंध ०.५ असेल, तर फरकाचे विचलन ३६१ वर येते आणि १६ चे ८ होतात. आहार आणि गरज वेगवेगळी कितीही काटेकोर मोजली, तरी हा आकडा हाती लागत नाही. त्यासाठी दोन्ही एकाच माणसात मोजावी लागतात. शिवाय गरिबाच्या ताटात भूक बघून भाकरी पडत नाही, मजुरी बघून पडते.

दांडेकर-रथ यांचा उपाय ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढण्याचा होता. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात कॅलरींची अट नव्हती. अंगमेहनतीचे काम करण्याची तयारी दाखवणाऱ्या खेड्यातील प्रौढाला काम देणे सरकारवर बंधनकारक झाले.