सिबेलियस : एका दुर्मिळ आडनावाची कुळकथा

पाश्चात्त्य अभिजात संगीताशी थोडाबहुत परिचय असलेल्या कोणालाही 'सिबेलियस' हे नाव ठाऊक असते. 'फिनलंडिया' ही रचना आणि सात सिंफनी यांमुळे ज्याँ सिबेलियस (१८६५-१९५७) हे फिनलंडचे राष्ट्रीय संगीतकार मानले जातात. त्यांच्या नावाने त्या देशात उद्याने आहेत, रस्ते आहेत, संगीताचे विद्यापीठीय शिक्षण देणारी संस्था आहे. परंतु ज्या आडनावाला एवढी कीर्ती लाभली, ते लावणारी माणसे फिनलंडमध्ये पूर्वीही थोडी होती आणि आजही थोडीच आहेत. कोऱ्होनेन आणि विर्तानेन ही तेथील सर्वाधिक प्रचलित आडनावे प्रत्येकी सुमारे वीस हजार लोकांची आहेत. सिबेलियस हे मात्र एकाच घराण्याचे नाव होय. ते कसे जन्मले, कोणत्या शाखेत खुंटले आणि माणसांपेक्षा वस्तूंवरच अधिक का पसरले, हे पाहिले असता फिनलंडमधील भाषा, जमीन आणि कायदा यांचा दोन शतकांचा इतिहास उलगडतो.

शेतघराचे नाव, माणसाचे नाव

फिनलंडमध्ये आडनावांच्या दोन भिन्न परंपरा होत्या. पूर्वेकडील साव्हो आणि कारेलिया या प्रांतांत जंगल जाळून फिरती शेती करणारी कुटुंबे राहत असत. त्यांचा मुक्काम बदलत असे, पण कुळाचे नाव बदलत नसे. 'नेन' या प्रत्ययाने संपणारी वंशपरंपरागत आडनावे या भागात मध्ययुगापासून रूढ होती. पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे स्थिर शेती होती. तेथे नाव माणसाचे नसून शेतघराचे असे. माणूस एका शेतघरातून दुसऱ्या शेतघरात राहावयास गेला की त्याचे नावही बदले. लग्नानंतर पत्नीच्या वाड्यावर राहणारा पुरुष त्या वाड्याचे नाव लावी. 'ला' हा स्थानवाचक प्रत्यय या नावांत वारंवार आढळतो. उदाहरणार्थ, 'मात्तिला' म्हणजे मात्तीचे ठिकाण. थोडक्यात, पूर्वेत आडनाव रक्ताला चिकटलेले होते, तर पश्चिमेत मातीला.

सिबेलियस हे नाव या दुसऱ्या परंपरेतून आलेले आहे. हेलसिंकीच्या पूर्वेस, पूर्व उसिमा भागात लापिनयार्वी नावाची वस्ती आहे. तेथील 'सिब्बे' या शेतघराची मालकी संगीतकाराच्या पणजोबांकडे होती. घराणे मूळचे शेतकऱ्यांचे. पुढच्या पिढीतील योहान, म्हणजे संगीतकाराचे आजोबा, जवळच्या लोविसा या बंदराच्या गावी स्थायिक झाले आणि व्यापार करू लागले. शेतघर मागे राहिले, पण त्याचे नाव बरोबर आले. व्यापारी घराण्याला शोभेल अशा लॅटिन पेहरावात 'सिब्बे'चे 'सिबेलियस' झाले.

लॅटिन पेहरावाची हौस

नावाला लॅटिन शेपूट जोडण्याची ही पद्धत त्या काळी नवी नव्हती. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्याचा भाग होता. तुर्कू येथे १६४० मध्ये विद्यापीठ स्थापन झाले, त्याआधीपासून पाद्री आणि विद्वान मंडळी आपल्या गावाच्या किंवा शेतघराच्या नावाला 'इउस' हा प्रत्यय लावून शिक्षिताचा दर्जा मिरवीत असत. शेतकऱ्याचा मुलगा शिकून पाद्री झाला की त्याचे नवे आयुष्य नव्या नावाने सुरू होई.

कित्येकांनी तर लॅटिनच्याही पुढे मजल मारली. 'केत्तुनेन' या घराण्याने, केत्तू म्हणजे कोल्हा या अर्थावरून, ग्रीक भाषेतील कोल्ह्याचा शब्द घेऊन 'आलोपेउस' असे नाव धारण केले. 'माउनुला' या शेतघरातून आलेल्या घराण्याने माउनू, म्हणजे लॅटिन 'माग्नुस', म्हणजे थोर, असा अर्थ लावून हिब्रू भाषेतील 'गाडोल' हा थोर या अर्थाचा शब्द निवडला आणि 'गाडोलिन' हे आडनाव तयार झाले. या घराण्यातील योहान गाडोलिन (१७६०-१८५२) हे रसायनशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले. त्यांच्या सन्मानार्थ एका खनिजाला गाडोलिनाइट आणि पुढे एका मूलद्रव्याला गाडोलिनियम असे नाव देण्यात आले. आज एमआरआय तपासणीत प्रतिमा स्पष्ट दिसावी म्हणून रुग्णाला जे द्रव्य टोचले जाते, त्यात बहुधा हेच मूलद्रव्य असते. फिनलंडमधील एका शेतघराच्या नावाने केलेला हा प्रवास विलक्षणच म्हणावा लागेल.

सिबेलियस हे नाव याच पंगतीतले. फरक इतकाच, की ते धारण करणारा पुरुष पाद्री नव्हता, व्यापारी होता. विद्वानांची ही पद्धत तोवर गावातील मध्यमवर्गापर्यंत येऊन पोचली होती.

व्यक्तिनामाचीही एक गोष्ट

आजोबा योहान यांचे पुत्र ख्रिश्चन गुस्ताफ सिबेलियस हे हॅमेनलिना या गावी डॉक्टर होते. ८ डिसेंबर १८६५ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव योहान ख्रिश्चन युलियस असे ठेवण्यात आले, पण घरात सारे त्याला 'यान्ने' म्हणत. १८६८ मध्ये, फिनलंडमधील भीषण दुष्काळाच्या काळात, वडील टायफसने मरण पावले. धाकटा भाऊ ख्रिश्चन याचा जन्म वडिलांच्या मृत्यूनंतर, १८६९ मध्ये झाला.

विद्यार्थिदशेत असताना यान्नेने 'ज्याँ' हे फ्रेंच रूप स्वीकारले. त्याच्या एका दिवंगत दर्यावर्दी काकांनी आपल्या भेटपत्रिकांवर हेच रूप छापून घेतले होते. त्यावरून पुतण्याला ही कल्पना सुचली. अशा रीतीने स्वीडिश बोलणाऱ्या घरात जन्मलेल्या, फिनिश माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या मुलाचे नाव फ्रेंच आणि आडनाव लॅटिन झाले. फिनिश राष्ट्रवादाचा आवाज ठरलेल्या कलावंताच्या नावात फिनिश भाषेचे एक अक्षरही नव्हते.

नावे बदलण्याचे वादळ

ही बाब त्या काळी क्षुल्लक नव्हती. १८०९ नंतर फिनलंड रशियन साम्राज्यात आले, तरी शिक्षण, प्रशासन आणि प्रतिष्ठा यांची भाषा स्वीडिशच राहिली होती. एकोणिसाव्या शतकात फिनिश भाषेच्या हक्कांची चळवळ उभी राहिली, तिचे तात्त्विक नेतृत्व योहान विल्हेल्म स्नेलमन यांनी केले. १२ मे १९०६ हा त्यांच्या जन्मशताब्दीचा दिवस. लेखक योहान्नेस लिन्नांकोस्की यांच्या आवाहनावरून त्या दिवशी हजारो कुटुंबांनी आपली स्वीडिश आडनावे टाकून फिनिश आडनावे घेतली. ज्यांच्या स्मरणार्थ हे घडले, त्या स्नेलमन यांचे स्वतःचे आडनाव मात्र स्वीडिशच होते.

सिबेलियस यांच्या निकटच्या वर्तुळातही या वादळाचे वारे पोचले. त्यांचे स्नेही, चित्रकार आक्सेल गालेन, हे १९०७ मध्ये आक्सेली गालेन-काल्लेला झाले. उद्योगपती कार्ल आल्फ्रेड ब्रांडर यांनी १९०६ मध्ये 'पालोहेइमो' हे नाव घेतले. स्वीडिशमध्ये 'ब्रांड' म्हणजे आग, तर फिनिशमध्ये 'पालो' या शब्दात जळण्याचा अर्थ आहे. जुन्या नावाची ऊब नव्या नावात राखण्याची ही युक्ती अनेकांनी वापरली. सिबेलियस यांनी मात्र आपले आडनाव बदलले नाही. १९०० मध्ये हेलसिंकीच्या वाद्यवृंदाने पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनापर्यंत दौरा केला होता, आणि तेव्हापासून हे नाव युरोपातील कार्यक्रमपत्रिकांवर छापले जात होते.

फिनिश प्रत्ययाला त्यांच्या आयुष्यात स्थान मिळाले ते वेगळ्या मार्गाने. १९०४ मध्ये तुसुला सरोवराजवळ, आजच्या यार्वेनपॅ येथे, त्यांनी नवे घर बांधले. पत्नी आइनो यांच्या नावावरून त्याचे नाव 'आइनोला' ठेवण्यात आले, म्हणजे आइनोचे ठिकाण. शेतघराच्या नावाने ज्यांचे आडनाव घडले, त्या घराण्यातील पुरुषाने आपल्या घराला पत्नीचे नाव दिले. हे घर आता संग्रहालय आहे.

पाच मुली, पाच आडनावे

ज्याँ आणि आइनो यांना सहा मुली झाल्या. त्यांपैकी किर्स्ती ही १९०० मध्ये अगदी लहान असतानाच दगावली. उरलेल्या पाच जणी मोठ्या झाल्या, विवाहित झाल्या आणि प्रत्येकीचे आडनाव बदलले. थोरली एव्हा ही पालोहेइमो झाली. तिचे पती आर्वी हे वर उल्लेखिलेल्या उद्योगपतीचे पुत्र. रंगभूमीवर अभिनेत्री म्हणून गाजलेली रूथ ही अभिनेते युस्सी स्नेलमन यांच्याशी विवाहबद्ध झाली. कातारिना ही इल्व्हेस झाली. मार्गारेता हिने संगीत संचालक युस्सी यालास यांच्याशी, तर हाइदी हिने वास्तुविशारद आउलिस ब्लोमस्तेत यांच्याशी विवाह केला. यालास आणि ब्लोमस्तेत हे दोघे सख्खे भाऊ होते. युस्सी यांनी आपले स्वीडिश आडनाव बदलून फिनिश आडनाव घेतल्यामुळे दोन भावांची आडनावे निराळी झाली, आणि त्यांच्याशी लग्न केलेल्या दोन बहिणींचीही.

हा केवळ योगायोग नव्हता. १९२१ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने प्रत्येक फिनिश नागरिकाला आडनाव असणे बंधनकारक झाले. तोवर नुसत्या पित्याच्या नावाने ओळखली जाणारी, शेतघर बदलले की नाव बदलणारी माणसे एका कायमच्या आडनावात बांधली गेली. १९३० पासून लागू झालेल्या विवाह कायद्याने पत्नीने पतीचे आडनाव घेणे सक्तीचे केले. जी आधी रूढी होती, ती आता कायदा झाली. एकेकाळी पत्नीच्या वाड्याचे नाव पुरुष लावीत असत, त्याच देशात स्त्रीला आपले नाव राखण्याचा पर्याय उरला नाही. परिणामी देशाच्या सर्वांत प्रसिद्ध आडनावाच्या सर्वांत प्रसिद्ध शाखेत ते आडनाव एका पिढीत थांबले. २० सप्टेंबर १९५७ रोजी सिबेलियस यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या मुली-नातवंडांचे मोठे कुटुंब होते, पण नाव पुढे नेणारा मुलगा नव्हता.

धाकटे बंधू ख्रिश्चन सिबेलियस (१८६९-१९२२) हे मानसोपचारतज्ज्ञ होते. हेलसिंकीतील लापिनलाहती या मनोरुग्णालयाचे ते प्रमुख होते आणि उत्तम चेलोवादकही होते. आडनाव टिकून राहिले ते घराण्याच्या अशा अन्य शाखांमध्ये.

आजचा विस्तार

माणसांच्या बाबतीत दुर्मिळ राहिलेले हे नाव वास्तूंच्या बाबतीत मात्र देशभर पसरले. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या ज्या संगीतशाळेत ज्याँ शिकले, तिला १९३९ मध्ये 'सिबेलियस अकादमी' हे नाव मिळाले. २०१३ पासून ती हेलसिंकीच्या कला विद्यापीठाचा भाग आहे. हेलसिंकीतील सिबेलियस उद्यानात १९६७ मध्ये शिल्पकार एइला हिल्तुनेन यांचे, सहाशेहून अधिक पोलादी नळ्यांचे स्मारक उभे राहिले. तुर्कू येथील सिबेलियस संग्रहालयाची इमारत १९६८ ची, लाहती येथील लाकडी सिबेलियस सभागृह २००० चे. व्हायोलिनवादकांची सिबेलियस स्पर्धा १९६५ पासून भरते. १९८६ च्या मालिकेतील शंभर मार्कच्या नोटेवर त्यांचे चित्र होते, ती युरो येईपर्यंत प्रत्येक फिनिश माणसाच्या खिशात असे.

देशाबाहेरही हे नाव पोचले. १९३६ मध्ये तुर्कू येथे युर्यो वाइसॅलॅ यांनी शोधलेल्या लघुग्रहाला '१४०५ सिबेलियस' असे नाव आहे, तर अंटार्क्टिकातील अलेक्झांडर बेटावर सिबेलियस हिमनदी आहे. १९९३ मध्ये ब्रिटनमधील दोन जुळ्या भावांनी संगीतलेखनासाठी तयार केलेल्या संगणकप्रणालीचे नावही सिबेलियसच. त्या भावांचे आडनाव 'फिन' होते.

या प्रसारात भाषेनेही आपला वाटा उचलला. फिनिशमध्ये षष्ठी विभक्तीत 'सिबेलिउस'चे 'सिबेलिउक्सेन' होते. हेलसिंकीतील रस्त्याच्या पाटीवर 'सिबेलिउक्सेनकातू', म्हणजे सिबेलियसचा रस्ता, असे लिहिलेले दिसते. ज्या नावात फिनिशचा अंश नव्हता, त्याला फिनिश व्याकरणाने असे आपलेसे करून घेतले.

कोणी चाहत्याने हे आडनाव सहज घ्यावे म्हटले, तर ते शक्य नाही. फिनलंडमध्ये विशिष्ट घराण्याच्या प्रस्थापित आडनावाला कायद्याचे संरक्षण आहे. विशेष कारणाशिवाय दुसऱ्याचे आडनाव मिळत नाही. कोणते आडनाव किती जणांचे आहे, हे लोकसंख्या नोंदणी विभागाच्या नामसेवेत कोणालाही पाहता येते. दुर्मिळ आडनावांच्या बाबतीत तेथे विद्यमान धारकांबरोबरच ते नाव पूर्वी लावणाऱ्यांची संख्याही दिसते. विवाहाने किंवा अन्य कारणाने मागे पडलेल्या नावांची ही एक प्रकारे सरकारी स्मृतीच होय.

१९८६ पासून पत्नीवरील सक्ती संपली आणि अपत्यांना आईचे आडनाव देण्याची मुभा मिळाली. २०१९ पासून लागू असलेल्या नव्या नाव कायद्याने दोन आडनावे जोडून लावण्याचीही सोय केली. पूर्वजांनी प्रस्थापित आडनाव म्हणून वापरलेले नाव वंशजाला परत मागता येते, ही तरतूद तर अधिक बोलकी आहे. पाच मुलींनी विवाहाबरोबर मागे ठेवलेले नाव त्यांच्या वंशजांना पुन्हा लावावेसे वाटले, तर आज कायदा आड येत नाही. लापिनयार्वीच्या एका शेतघरातून निघालेले हे नाव एका पिढीपुरते कायद्याने अडले होते. ती वाट आता मोकळी आहे.