झिजलेलं टोकन जास्त सांगतं
१७८७ साल. वेल्समधल्या अँगलसी बेटावर तांब्याची मोठी खाण होती, पण मजुरांना पगार द्यायला सुटे पैसे नव्हते. सरकारी टांकसाळीने तांब्याची नाणी पाडणं जवळपास थांबवलं होतं आणि बाजारात खोट्या नाण्यांचा सुळसुळाट होता. मग खाण कंपनीने स्वतःचीच तांब्याची टोकन पाडली. पाठोपाठ अनेक व्यापाऱ्यांनीही.

लोक ती जमवू लागले. मग काही टोकन खास संग्राहकांसाठीच, वेगवेगळे साचे जोडून पाडली गेली. १७९८मध्ये जेम्स कॉन्डरने त्यांची सूचीही छापली.

आता सांगा, संग्रहात दिसणारं प्रत्येक चकचकीत टोकन बाजारात चाललं होतं का? आपलं सॅम्पल इथेच फसतं. व्यवहाराची साक्ष झिजलेलं टोकन देतं. म्हणून डेटा हाती आला की आधी विचारा: हा कोणी जपला, कशासाठी?