अवजारांच्या खोलीतली बाई

लॉकडाऊनमध्ये मी आजोळी अडकले होते. घरात सात माणसं, रेंज फक्त ओटीवर, आणि माझं ऑफिस लॅपटॉपमध्ये. शेवटी मामानं परसातली सरपणाची खोपी दाखवली. तीन दिवस नुसतं उपसणं चाललं: गंजलेली खुरपी, उंदरांनी कुरतडलेली पोती, आणि एक विंचू. मग जमीन सारवली, खिडकीला जुनी साडी लावली, घरातून वायर ओढून बल्ब लावला. दार लावून आत बसले, तेव्हा कुणी हाक मारणार नाही अशी जागा आयुष्यात पहिल्यांदाच मिळाल्यासारखं वाटलं.

त्याच खोपीत बसून मी व्हर्जिनिया वुल्फच्या खोपीबद्दल वाचत गेले.

1919 साली व्हर्जिनिया आणि लेनर्ड वुल्फ यांनी इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यातल्या रॉडमेल गावात मंक्स हाऊस नावाचं घर लिलावात 700 पौंडांना घेतलं. घरात वीज नाही, नळ नाही, न्हाणीघर नाही. घेतलं ते मुख्यतः बागेसाठी. त्या बागेत अवजारं ठेवायची एक लाकडी खोली होती. 1921 मध्ये ती लिहिण्यासाठी तयार करून घेतली. वर माळा होता आणि माळ्यावर लेनर्डची सफरचंदं. तो ती निवडायला वर चढला की खाली वाक्य तुटायचं. शेजारी चर्च, त्यामुळे घंटाही होत्याच. आपण ज्याला एकांत म्हणतो तो बहुतेक वेळा असाच असतो, थोडा गळका.

तरी ती रोज सकाळी बाग ओलांडून तिथे जायची. टेबलाशी ताठ बसून नाही, खोल खुर्चीत बसून मांडीवर लाकडी फळी घेऊन लिहायची. हिवाळ्यात कधी कधी इतकी थंडी पडे की बोटांत पेन धरवत नसे, मग घरात परतावं लागे. 1934 साली ही लिहिण्याची खोली बागेच्या टोकाला, चर्चच्या भिंतीलगत, चेस्टनटच्या झाडाखाली नेली. तिथून पलीकडे माऊंट केबर्नची टेकडी दिसते.

याच बाईनं ऑक्टोबर 1928 मध्ये केंब्रिजच्या न्यूनम आणि गर्टन या मुलींच्या कॉलेजांत व्याख्यानं दिली. त्यांतून पुढच्या वर्षी ‘अ रूम ऑफ वन्स ओन’ हे पुस्तक आलं. बाईला लिहायचं असेल तर वर्षाला 500 पौंड आणि स्वतःची खोली हवी, हे त्यातलं म्हणणं आता कॉफीच्या मगांवरही छापलेलं असतं. इथवरची गोष्ट मला माहीत होती आणि आवडतही होती.

माहीत नव्हती ती नेली बॉक्सॉल. वुल्फ दांपत्याकडे ती 1916 पासून स्वयंपाकाला होती. रॉडमेलच्या घरात 1926 मध्ये पुस्तकांच्या कमाईतून न्हाणीघर आलं. त्याआधी गरम पाणी, चूल, शौचाची भांडी हे सगळं नोकरमाणसांच्या हातांवर चालायचं. मालकीण आणि नेलीची भांडणं वर्षानुवर्षं चालली. नेली नोकरी सोडते म्हणायची, मग राहायची. व्हर्जिनियाच्या डायरीत या भांडणांवर पानंच्या पानं आहेत. नोव्हेंबर 1929 मध्ये, म्हणजे ते पुस्तक येऊन जेमतेम महिना झाला असताना, लंडनच्या घरी नेलीनं मालकिणीला आपल्या खोलीतून बाहेर जायला सांगितलं.

हे वाचून मी हसले आणि मग हसू थांबलं. कारण नेलीचं म्हणणं पुस्तकातल्या म्हणण्यापेक्षा वेगळं कुठे होतं? खोली माझी, दार माझं. फरक एवढाच की तिच्या खोलीचं छप्पर मालकांचं होतं. मार्च 1934 मध्ये, अठरा वर्षांनंतर, तिला कामावरून काढलं. त्याच वर्षी बागेतली खोली चेस्टनटखाली गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण तारखा शेजारी शेजारी ठेवल्यावर दुर्लक्ष करणं मला जमलं नाही. नेली पुढे चार्ल्स लॉटन आणि एल्सा लँचेस्टर या नटनटीच्या घरी कामाला लागली.

वुल्फवर राग काढून मोकळं होणं सोपं आहे. पण तिनं ही भांडणं स्वतःच लिहून ठेवली, स्वतःचा चिडकेपणाही झाकला नाही. मी तेवढंही केलं नव्हतं. माझ्या खोपीच्या उंबऱ्यावर रोज अकरा वाजता चहाचा कप यायचा. मामी ठेवायची, कॉल चालू असेल तर न बोलता निघून जायची. त्या चार महिन्यांत मामी दुपारची कुठे टेकायची, हे मी आठवायला बसले तर मला आठवेना.

परवा फोन केला, तेव्हा खोपीचं काय झालं ते विचारलं. मामी म्हणाली, “अगं, तू गेल्यावर आठवड्यात परत सरपण भरलं. पावसात भिजलं असतं, तर आंघोळीचं पाणी कशावर तापवलं असतं?”