गाढेश्वरचं पाणी

मैत्रिणींनो, पावसाळ्यात गाढेश्वरला सहलीला येणाऱ्यांना तो निसर्गाने दिलेला तलाव वाटतो. पण हे बांधलेलं देहरंग धरण. पनवेलची नगरपालिका 1852 सालची, फार जुनी. तिने 1964 मध्ये माथेरानच्या पायथ्याशी गाढी नदी अडवून शहराला हक्काचं पाणी दिलं. कागदोपत्री नाव अप्पासाहेब वेदक जलाशय. स्वतःचं धरण असलेल्या नगरपालिका थोड्याच! पण साठा लहान, त्यात गाळ. शहर वाढत गेलं, 2016 मध्ये महानगरपालिका झाली. उन्हाळ्यात धरण तळ गाठतं. आम्ही गटातल्या बायका डबे घेऊन काठावर बसतो, पोरींना डोंगर दाखवतो. पाण्यात मात्र कुणाला उतरू देत नाही, इथे बुडून माणसं गेली आहेत. खरकटं, प्लास्टिक पिशवीत भरून परत आणतो. हेच पाणी पनवेलच्या नळाला जातं.