शेवटच्या रांगेचा आवाज : झाडीपट्टीची रात्र आणि ध्वनिस्तंभाचा इतिहास

१/ चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात धानाची कापणी उरकली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. दिवसा शंकरपट किंवा मंडई, रात्री नाटक. पडदा पडेपर्यंत पहाट होते. या झाडीपट्टी रंगभूमीविषयी लिहिताना नट, नाटककार आणि मंडळ्या यांची आठवण होते. मंडपात अगदी मागे, शाल पांघरून बसलेल्या प्रेक्षकापर्यंत संवाद पोहोचला कसा, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. हा थ्रेड त्या प्रश्नाचा आहे.

२/ प्रथम भूगोल. 'झाडी' म्हणजे जंगल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा वैनगंगेच्या आसपासचा प्रदेश तो झाडीपट्टी. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. रंगभूमी त्याहून पुष्कळ जुनी. तिचे आजचे व्यापारी केंद्र गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गावरील देसाईगंज, म्हणजेच वडसा. अनेक नाट्यमंडळ्यांची कार्यालये तेथे आहेत आणि गावोगावचे आयोजक नाटक ठरवायला तेथेच येतात.

३/ या रंगभूमीच्या पूर्वी आणि तिच्या सोबतीने येथे दंडार आणि खडी गंमत नांदत होती. या लोकप्रकारांना खोल मंडपाची गरज नव्हती. प्रेक्षक कलावंतांभोवती कोंडाळे करून बसू शकत. त्यामागे ध्वनीचे एक साधे गणित आहे. एका चौरस मीटरात दोन माणसे धरली, तर हजार माणसांना ५०० चौरस मीटर जागा लागते. तेवढे वर्तुळ काढले, तर शेवटचा माणूस केंद्रापासून सुमारे १३ मीटरांवर येतो. हेच हजार लोक १५ मीटर रुंदीच्या मंडपात एकाच दिशेला तोंड करून बसले, तर शेवटची रांग ३३ मीटरांवर जाते.

४/ पडद्याचे नाटक आले आणि प्रेक्षक रंगमंचाच्या एका बाजूला गेला. रंगमंचाला भव्यता लाभली. किंमत मोजली ती नटाच्या गळ्याने. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. साध्या बोलण्याची पातळी एका मीटरवर सुमारे ६० डेसिबल असते. १, २, ४, ८, १६, ३२ मीटर : अंतर पाच वेळा दुप्पट झाले, ३० डेसिबल गेले आणि उरले ३०. एवढा आवाज मंडपातल्या कुजबुजीतही बुडून जातो.

५/ म्हणून खड्या आवाजाचा, ताना घेणारा, शब्द तोडून फेकणारा नट हीच या रंगभूमीची पहिली ध्वनिव्यवस्था होती. अशा अभिनयाला 'भडक' म्हणणाऱ्या शहरी समीक्षकाने हे अंतर लक्षात घ्यायला हवे. झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा सुमारे ८०० भूमिका आणि ५,००० प्रयोग अशी त्यांच्या कारकिर्दीची नोंद सांगितली गेली. रात्रभराच्या प्रयोगांची ही संख्या वाचताना त्यामागचा गळाही आठवावा.

६/ दरम्यान जगात दुसरी गोष्ट घडत होती. २४ डिसेंबर १९१५ रोजी पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर हजारोंच्या जमावाला कर्ण्यातून भाषण आणि संगीत ऐकवले. १९२५ मध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी हलत्या तारवेटोळ्याचा, कागदी शंकूचा स्पीकर मांडला; आजचा बहुतेक प्रत्येक स्पीकर त्याच वंशातला. भारतात स्वातंत्र्यलढ्याच्या सभांची छायाचित्रे पाहिली, तर नेत्यांपुढच्या माइकवर 'शिकागो रेडिओ' ही अक्षरे वारंवार दिसतात. मोटवाने कुटुंबाची ही कंपनी. नाव शिकागोचे, मालक भारतीय.

७/ खेड्यापाड्यांत पोहोचला तो कर्णा, म्हणजे लोकांच्या बोलीतला भोंगा. त्याचे कारण काटकसरीचे. कर्ण्याच्या आकारामुळे थोड्या विजेत मोठा आवाज निघतो. १२ व्होल्टची मोटारीची बॅटरी आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर एवढ्यावर, वीज नसलेल्या गावातही काम भागते. परंतु भोंग्याला खालचे स्वर देता येत नाहीत. तबल्याच्या डग्ग्याची घुमक हरवते, ऑर्गनचा खर्ज नाहीसा होतो, नटाचा आवाज नाकातून आल्यासारखा होतो. शिवाय शेवटच्या रांगेसाठी आवाज वाढवला की पहिल्या रांगेचे कान किटतात.

८/ यावरचा उपाय शोधला गेला तो मोठा स्पीकर करून नव्हे, तर अनेक लहान स्पीकर एका उभ्या रेषेत लावून. अमेरिकी ध्वनितज्ज्ञ हॅरी ओल्सन यांनी आपल्या ग्रंथात अशा रेषेचे गणित मांडले. १९५० च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये पार्किन आणि टेलर यांनी उंच ध्वनिस्तंभ उभारले. घुमटाखालच्या प्रचंड घुमण्यात हरवणारा शब्द त्यामुळे स्पष्ट ऐकू येऊ लागला.

९/ हे कसे घडते? उभ्या रेषेतले सर्व स्पीकर एकदम वाजले की समोरच्या दिशेला त्यांच्या लहरी एकमेकींना साथ देतात. वर आणि खाली मात्र एकमेकींना मारक ठरतात. ध्वनी फुग्यासारखा सर्व बाजूंना न फुगता दंडगोलासारखा आडवा पसरतो. म्हणून जवळच्या क्षेत्रात अंतर दुप्पट झाल्यावर ६ ऐवजी ३ डेसिबलच उतरतात. पहिली आणि शेवटची रांग यांतली तफावत निम्म्यावर येते. अट एकच : रेषा उभी हवी. तोच स्तंभ आडवा टांगला तर गुण उलटतो. आवाज वर-खाली पसरतो आणि बाजूला बसलेले उपाशी राहतात.

१०/ १९९२ मध्ये फ्रान्सच्या ख्रिस्तियन हील यांनी याच तत्त्वावर 'व्ही-डॉस्क' ही प्रणाली आणली. तेथून 'लाइन अ‍ॅरे' हा शब्द जगभरच्या मैफलींत रूढ झाला. मोठ्या मंचाच्या दोन्ही अंगांना केळीच्या घडासारखे वळून लोंबणारे स्पीकर त्याच कुळातले. त्यांची किंमत लहान मंडळीच्या आवाक्याबाहेरची. पण तत्त्व कोणाच्या मालकीचे नाही. म्हणूनच घरी असे स्तंभ बांधणाऱ्या हौशी मंडळींची परंपरा जगभर निर्माण झाली.

११/ घरगुती स्तंभाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. ३ इंची, ८ ओहमचे १६ स्वस्त स्पीकर घ्यावे. चार-चारांची साखळी केली की प्रत्येक साखळी ३२ ओहमची होते; अशा चार साखळ्या समांतर जोडल्या की एकूण पुन्हा ८ ओहमच, म्हणजे साध्या अ‍ॅम्प्लिफायरला पेलणारा भार. ८० वॉट दिले तर प्रत्येक स्पीकरच्या वाट्याला ५ वॉट येतात. कोणाचीच छाती फुटत नाही, म्हणून आवाजही फाटत नाही. दोन स्पीकरांच्या केंद्रांमध्ये साडेआठ सेंटिमीटर धरले, तर प्लायवूडची पेटी सुमारे १.४ मीटर उंच होते.

१२/ मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. रेषेचा लाभ मिळण्याचे अंतर तिच्या लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढते. १.४ मीटरचा एक स्तंभ १,००० हर्ट्झच्या स्वराला जेमतेम ३ मीटर साथ देतो. घराला तो पुरे, मंडपाला नाही. असे तीन एकावर एक रचून ४ मीटरची रेषा केली, की तेच अंतर २५ मीटरांच्या आसपास जाते, आणि व्यंजने ओळखू येतात त्या वरच्या स्वरांना त्याहून पुढे. ४,००० हर्ट्झच्या वर मात्र एवढ्या अंतरावरचे स्पीकर एकजूट सोडतात. तेथे ट्वीटरची वेगळी, दाट रांग लागते. खर्जासाठी वेगळा मोठा बॉक्स लागतोच.

१३/ झाडीपट्टीला या साऱ्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. नाटके थंडीत होतात. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. त्यामुळे ध्वनी वर न जाता पुन्हा खाली वाकतो आणि फार दूर जातो. एका गावचा भोंगा दुसऱ्या गावाला झोपू देत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातील १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. रात्रभराचे नाटक आणि हा नियम यांच्यात सरळ विरोध आहे.

१४/ दोन्ही बाजूंना न्याय्य आधार आहे. नाटकावर कलावंत, वादक, पडदेवाले आणि मंडपवाले यांची चूल पेटते. शेजारच्या गावातल्या रुग्णाचा आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलीचा झोपेवर हक्क आहे. स्तंभाने कायदा बदलत नाही, आणि खर्ज तो आवरू शकत नाही. परंतु मंडपाच्या तोंडाशी कानठळ्या आणि मागे कुजबुज, ही जुनी विषमता तो कमी करतो. शेवटची रांग गाठण्यासाठी एकूण आवाज चढवावा लागत नाही, आणि जंगलात वाया जाणारा ध्वनीही घटतो.

१५/ दंडारीतल्या प्रेक्षकाला जे अंतर कोंडाळ्याने मिळवून दिले होते, तेच मंडपातल्या प्रेक्षकाला स्पीकरांची एक उभी रांग परत देऊ शकते. त्यासाठी सुताराचे कौशल्य, थोडी तार, डाग देण्याची कावीळ नव्हे तर साधी कथील-जोडणी, आणि शाळेतले ओहमचे गणित एवढे भांडवल पुरते. मागे बसलेल्यालाही नाटक तितकेच ऐकू यावे, ही अपेक्षा झाडीपट्टीत नवी नाही. साधन तेवढे नवे आहे.

(समाप्त)