सारंगखेड्याचा बाजार आणि चाबूकस्वाराची विद्या

नंदुरबार जिल्ह्यात घोड्याचे दोन मुलूख आहेत. वरचा मुलूख सातपुड्याचा. मोलगी, धडगाव आणि तिथून नर्मदेकडे उतरणाऱ्या वाटांवर उपयोगी पडते ते आखूड पायांचे, टणक खुरांचे, पाऊल जपून टाकणारे टट्टू. त्याची निम्मी तालीम डोंगरच करून घेतो. या पट्ट्यात घोडेस्वार थोडे. पण नर्मदेपलीकडच्या राठवा आणि भिलाला घरांत पिठोरा देवाच्या चित्रांच्या भिंती घोड्यांनीच भरलेल्या असतात. खालचा मुलूख तापीकाठचा. मोलगीहून देवगोईचा घाट उतरून तळोदा, शहादा ओलांडले की सारंगखेडा येते. स्वारीच्या घोड्याचा इतिहास इथे बाजाराच्या रूपाने जिवंत आहे.

सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचे मंदिर आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या यात्रेत, इथे घोड्यांचा बाजार भरतो. त्याची परंपरा तीनशे वर्षांहून जुनी सांगितली जाते. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी, सिंधी अशी जनावरे राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून येतात. अलीकडे त्याला चेतक महोत्सवाची जोड मिळाली. गिऱ्हाईक आधी ओठ वर करून दात पाहते. पुढचे दूधदात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडी-जोडीने पडतात, म्हणून पाच वर्षांपर्यंतचे वय दात खोटे सांगत नाहीत. मग अंगावरचे भोवरे मोजले जातात. देवमण शुभ, अमुक ठिकाणचा भोवरा अशुभ, चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी लाखमोलाचा. त्यानंतर कानांची टोके जुळतात का ते बघतात आणि सर्वांत शेवटी रेवाळ चाल. ज्याच्यावर बसायचे त्याची चाल शेवटी, हा क्रमच बाजाराबद्दल बरेच काही सांगतो.

ग्रंथांचा कलही काहीसा असाच. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेल्या अश्वशास्त्रात रंग, भोवरे, लक्षणे आणि रोगांवरचे उपाय यांनी पाने भरलेली दिसतात. तालमीकडे लक्ष देणारे ग्रंथ थोडे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात स्वारीच्या घोड्याच्या वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण, नारोष्ट्र अशा चाली दिल्या आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1129 च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासात घोडा फिरवण्याच्या मैदानासाठी आणि खेळासाठी स्वतंत्र भाग आहे. ग्रीक सेनानी झेनोफोन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात शिंगराला रागाने हात लावू नये, गर्दी आणि गोंगाटातून शांतपणे फिरवून त्याची भीती मोडावी, असे लिहून ठेवले. आपल्याकडे हेच ज्ञान होते, पण ते बहुतेक पागेतल्या माणसांच्या हातांत राहिले.

शिवकालीन पागेची रचना सभासद बखरीत आली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. पावसाळ्यात फौज छावणीला, दसऱ्यानंतर मोहिमेवर. दख्खनचा भीमथडी घोडा दिसायला साधा, पण थोड्या दाणावैरणीवर लांब पल्ला मारणारा. तो तयार करायचा चाबूकस्वार, आणि त्याची देखभाल मोतद्दाराकडे. बखरींत सरदारांची नावे मिळतात, चाबूकस्वारांची शोधूनही सापडत नाहीत.

त्याच्या कामाचा क्रम आजही बदललेला नाही. शिंगराला आधी मोहरकीची आणि माणसाच्या हाताची सवय. मग खरारा, पाय उचलून देणे, दोरावर कावा घेणे. दोन्ही बाजूंना सारखा कावा द्यायचा; एकाच अंगाला फिरवलेला घोडा पुढे त्याच अंगाला वळतो. तंग एकदम आवळायचा नाही, दोन-तीन दमात आवळायचा. पाठीवर माणूस साधारण तीन वर्षांनंतर, तोही हलका. सगळ्या शिकवणीचे मर्म एका गोष्टीत आहे: लगाम खेचून घोडा शिकत नाही. तो ऐकतो त्या क्षणी लगाम सैल झाला, तर शिकतो. उशिरा सैल करणारा हात घोड्याचे तोंड मारतो, आणि मग त्याच घोड्याला तोंडाचा कठीण म्हटले जाते.

खोडींचेही तसेच. घोडा पाठ उचलून उसळत असेल तर आधी खोगिराखाली हात घालून पाहावे. खांद्यामागे सूज किंवा तंगाची घासण सापडण्याचा संभव मोठा. तिथे काही नसेल तर तोबरा पाहावा. दाणा भरपूर आणि फेरफटका नाही, असा घोडा उसळणारच. मान झटकणारा, लगाम तोडणारा घोडा पुष्कळदा दाढांच्या धारदार कडांनी किंवा कठीण लगामाने बेजार झालेला असतो. बुजण्याचे कारण डोळ्यांत आहे. ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने घोड्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. बुजल्यावर फटका दिला, तर त्या वस्तूबरोबर माराचीही भीती त्याच्या मनात बसते. लांबून दाखवावे, वास घेऊ द्यावा, पुन्हा न्यावे. ठाणाकडे ओढणाऱ्या घोड्याला एकट्याला थोडे अंतर नेऊन, दूर उभे करून तिथेच दाणा द्यावा. अगाडी-पिछाडी लावून दिवसभर बांधून ठेवलेला घोडा डोलू लागतो, दावणीचे लाकूड चावू लागतो. त्यावर औषध नाही. मोकळे सोडणे हाच उपाय. जन्मजात खोडकर घोडे असतात, पण फार थोडे. उरलेल्या खोडी माणसाने लावलेल्या.

1818 नंतर मराठी फौजा मोडल्या आणि इंग्रजी रिसाल्यांसाठी अरबी आणि ऑस्ट्रेलियातले वेलर घोडे मुंबईत उतरू लागले. दख्खनी घोड्याची मागणी घटली, चाबूकस्वाराचे काम आटले. मोटारीने उरलेसुरले संपवले. घोडा उरला तो वरातीला आणि हौसेला. सारंगखेड्यातही आता गर्दी जमते ती हलगी-ढोलावर नाचणाऱ्या घोड्यांभोवती. नाच आणि स्वारी यांची शिकवण मात्र परस्परविरोधी आहे. मागच्या दोन पायांवर उभे राहणे ही स्वारीतली सर्वांत धोक्याची खोड. नाचात त्यालाच टाळ्या आणि किंमत मिळते. असा घोडा हौसेने घेऊन पहिल्याच दिवशी रपेटीला काढला आणि तो उभा राहिला, तर दोष घोड्याचा नाही.

हे वेळीच न ओळखणारा मालक काटेरी लगामाकडे वळतो. तो बाजारात अजून मिळतो, पण ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केलेल्या 1965 च्या केंद्रीय नियमांनी घोड्यावर बसताना किंवा त्याला हाकताना काटेरी लगाम वापरण्यास बंदी घातलेली आहे.